पस्तीस मिनिटांचं अंतर

मास्तरांनी आजवर हजारभर माणसांना गाडी चालवायला शिकवली होती, पण स्वतः त्यांनी गाडी फारशी कुठे नेली नव्हती. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल बाजाराच्या टोकाला, आणि शिकवणीचा रस्ता ठरलेला: पोस्टाला वळसा, शाळेमागची चढण, दवाखान्याचा चौक आणि परत. तेवढ्या टापूतला खड्डा न् खड्डा त्यांना तोंडपाठ होता. गाडीच्या टपावर 'शिकाऊ' अशी भली मोठी पाटी होती आणि आत डाव्या बाजूला, मास्तरांच्या पायाशी, जादा ब्रेक आणि जादा क्लच. स्टिअरिंगवर शिकणाऱ्याचे हात, ब्रेकवर मास्तरांचा पाय आणि आवाज टिपेला. "आरशात बघा, आरशात! भांग पाडायला नाही लावलाय तो!" हे वाक्य अर्ध्या गावानं ऐकलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यानं रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याची मजा घेतली होती.

घरातली परिस्थिती अगदी उलट. घरात मास्तरांचं कुणी ऐकत नसे. त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत, कारण त्या दुपारपर्यंत शाळेत मुलींना शिवण शिकवत. लग्नानंतर एकदा मास्तरांनी त्यांना हौसेनं गाडी शिकवायला घेतली होती. पोस्टापर्यंत जाईस्तोवर ते इतके ओरडले, की बाईंनी गाडी मधोमध उभी केली, दार उघडलं आणि शांतपणे चालत घरी आल्या. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यानंतर घरात हा विषय पुन्हा निघाला नाही.

आणि लेक. तिला लहानपणापासून मुंगी म्हणायचे, कारण ती एका जागी कधी ठरतच नसे. ही मुंगी आता गावाबाहेरच्या छोट्या विमानतळावर, काचेच्या टॉवरमध्ये बसून विमानांना हुकूम सोडायची. एक धावपट्टी, पत्र्याच्या छताची एक खोली आणि दिवसाला दोन-तीन पंख्यांची विमानं, एवढाच तो कारभार. पण मास्तर ते गिऱ्हाइकांना सांगताना छाती अशी फुगवत, की जणू त्यांनीच तिला विमानांचा क्लच शिकवला होता.

तर अशा या सुखी घरात मुंगीच्या बदलीचा कागद आला. बदली म्हणजे बढतीच होती. डोंगरापलीकडच्या विमानतळावर एका पाळीची सगळी जबाबदारी तिच्याकडे येणार होती. हो की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. मुंगीला जायचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून आंधळ्यालाही दिसलं असतं. पण तिनं आईला आधीच सांगून टाकलं होतं, "बाबांचं मन मोडून मी नाही जायची."

रात्री जेवताना मास्तरांनी विचारलं, "किती लांब आहे ते?"

"विमानानं पस्तीस मिनिटं, बाबा."

"मी अंतर विचारतोय. वेळ नाही."

"सरळ रेषेत दीडशे किलोमीटर."

"सरळ रेषेत कोण जातं? मधला डोंगर काय घरी ठेवून जायचा?"

"रस्त्यानं दोनशे चाळीस," मुंगी हळूच म्हणाली.

"हां! आता आली गाडी रुळावर. दोनशे चाळीस. त्यात घाट. त्यात वळणं. आणि म्हणे पस्तीस मिनिटं! पस्तीस मिनिटांत माझी आंघोळ आटपत नाही."

"तो तुमच्या आंघोळीचा दोष आहे," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी तिकडे दुर्लक्ष केलं. "तासभर आधी जाऊन बसायचं, ते धरलंय का त्या पस्तीसात? बॅग तोलायची, खिसे रिकामे करायचे, कमरेचा पट्टा काढायचा, पँट एका हातानं धरून उभं राहायचं, पट्टा परत घालायचा, हे धरलंय? मग विमान येणार, मग त्याची तब्येत बरी आहे का ते बघणार. हा आकडा विमानाचा आहे, माणसाचा नव्हे."

बोलत होते ते विमानाबद्दल, पण पोटात भीती होती ती वेगळीच, आणि ती त्यांना नीट सांगता येत नव्हती. उद्या लेक तिकडे एकटी राहणार. तिला काही झालं, तिनं हाक मारली, आणि मधे डोंगर आहे म्हणून आपण पोचलोच नाही तर? ह्या विचारानं त्यांची झोप उडाली होती. पण असं सरळ बोलायचं म्हणजे डोळ्यांत पाणी येणार. त्यापेक्षा भांडलेलं बरं, असा मास्तरांचा स्वभाव.

"बाबा, परवा शनिवारी मी ती जागा बघायला जातेच आहे," मुंगी म्हणाली. "तुम्ही पण चला विमानानं. एकदा बसून तर बघा."

"मी? त्या डब्यात? अगं, रस्त्यानं निघालो तर तुझ्याआधी पोचेन मी!"

ताटावरचे सगळे हात थांबले. मास्तरांना स्वतःलाच आपल्या तोंडाचा धक्का बसला होता, पण शब्द बाहेर पडून गेला होता.

"नक्की?" मुंगीनं विचारलं.

माघार घेणं हे मास्तरांच्या गिअरमध्येच नव्हतं. "नक्की. घरातून एकाच वेळी निघायचं. मी आधी पोचलो तर सोमवारी तू नाही म्हणून कळवायचं. तू आधी पोचलीस तर मी हसत निरोप देईन. तोंड वाकडं करणार नाही."

मुंगीला हसू आवरेना. पाच तासांच्या घाटरस्त्याची विमानाशी शर्यत! तिनं लगेच हात पुढे केला. बाईंनी भाताचं भांडं मास्तरांपुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "मी येते तुमच्याबरोबर."

शनिवारी सकाळी आठाला मुंगी रिक्षात बसून विमानतळाकडे गेली आणि मास्तरांची गाडी बाजारातून बाहेर पडली. मास्तर पहिली चूक दारातच करून बसले होते. सवयीनं ते डाव्या बाजूला जाऊन बसले, पट्टा लावला आणि पुढच्या काचेतून बघत गाडी सुरू व्हायची वाट पाहू लागले. बाई बाहेर उभ्या. "चालवणार कोण? पाटी?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मास्तर खाली उतरले आणि पलीकडे गेले.

दवाखान्याच्या चौकापर्यंत सगळं झकास चाललं. नंतर मोठा रस्ता लागला आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. इतकी वर्षं गाडी त्यांनी डावीकडून, पायानं आणि आवाजानं चालवली होती. आता हातात स्टिअरिंग, आणि ओरडायला समोर कुणी नाही. गाडी तीसच्या पुढे जाईना. मागून ट्रक भोंगे वाजवत, शेजारून जाताना ड्रायव्हर टपावरची पाटी वाचत आणि मास्तरांच्या पिकलेल्या केसांकडे बघून म्हणत, "काका, शिका शिका! वयाला काय असतंय!"

"ह्याला मीच शिकवायला हवं होतं," मास्तर पुटपुटले.

घाटाचं पहिलं वळण आलं आणि त्यांनी गाडी कडेला घेतली. हातांना घाम सुटला होता. "इंजिन गरम झालंय," ते म्हणाले. "जरा थांबू."

बाईंनी एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "इंजिनाला काही झालेलं नाही. तुम्ही उतरा आणि इकडे या."

"इकडे या म्हणजे?"

"म्हणजे मी चालवते."

मास्तर हसले. मग बाईंनी पर्समधून एक परवाना काढून त्यांच्या हातात दिला. त्यावर बाईंचा फोटो होता, बाईंचं नाव होतं आणि तारीख चार वर्षांपूर्वीची होती. मास्तरांचं हसू जागच्या जागी विरलं.

"कुठे शिकलीस?"

"समोर."

"समोर कुठे?"

"तुमच्या स्कूलच्या समोर."

"त्या टकल्याकडे?" मास्तरांचा आवाज दरीत जाऊन परत आला. समोरच्या स्कूलचा टकल्या हा त्यांचा जन्माचा वैरी. त्याची पाटी मोठी, त्याची गाडी नवी, आणि तो शिष्यांशी गोड बोलतो हा तर सर्वांत मोठा गुन्हा. "कधी? कधी शिकलीस तू?"

"दुपारी. तुम्ही जेवून घोरत असायचात तेव्हा."

"आणि परीक्षा? परवान्याचा साहेब तर मला रोज भेटतो!"

"त्यांना मी सांगितलं होतं, बोलू नका म्हणून. सगळ्या गावालाच सांगितलं होतं."

मास्तर कठड्यावर बसले. गावातलं पोरगं पादलं तरी आपल्याला कळतं असा त्यांचा दावा होता, आणि स्वतःची बायको चार वर्षं त्यांच्या नाकावर टिच्चून टकल्याची गाडी चालवत होती. त्यांना राग यायला हवा होता. तो येतच होता, एवढ्यात बाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

"लेक मोठी होत होती," त्या म्हणाल्या. "आज ना उद्या कुठेतरी जाणारच होती. तुम्ही तर पोस्टाच्या पुढे जात नाही. मग तिच्याकडे मला कोण नेणार, हा विचार केला. आणि तुमच्याकडे शिकले असते तर आज आपण एका घरात राहत नसतो."

मास्तर उठले, डाव्या बाजूला गेले आणि बसले. पट्टा लावताना त्यांना मनातून इतकं हायसं वाटलं, की त्याची त्यांना लाज वाटली.

बाई गाडी छान चालवत होत्या. वळणाआधी हॉर्न, चढावर वेळेवर गिअर, आरशात नजर. मास्तरांना कुठे बोट ठेवायला जागा मिळेना, म्हणून त्यांनी पाय ठेवला. प्रत्येक वळणावर त्यांचा पाय आपोआप त्या जादा ब्रेकवर जाई आणि गाडी गचका खाई.

"अहो, तो पाय!"

"जातो गं तो. मी नाही नेत."

"मग असं करा, दोन्ही पायांनी तुम्ही चालत या मागून. मी पुढे होते."

अर्ध्या घाटात त्यांना डोक्यावर आवाज ऐकू आला. छोटंसं पांढरं विमान डोंगरावरून पलीकडे चाललं होतं. दोघांनी वाकून वर पाहिलं.

"गेली," बाई म्हणाल्या. आवाजात आनंद लपत नव्हता.

"गेली," मास्तर म्हणाले. पैज हरल्याचं दुःख करायला ते तयारच होते, पण लेक आपल्या डोक्यावरून उडत जातेय हे बघून त्यांना उगाच हात हलवावासा वाटला. त्यांनी तो खिडकीबाहेर काढून हलवला. मागच्या ट्रकवाल्याला वाटलं पुढे जायची खूण केली, आणि तो भोंगा वाजवत पुढे निघून गेला.

आता घाईचं कारण उरलं नव्हतं. वरच्या टपरीवर गाडी थांबवून त्यांनी चहा घेतला. मास्तर निरोपाच्या वेळी कसं हसायचं त्याचा मनात सराव करत होते. एवढ्यात पुन्हा आवाज आला. तेच पांढरं विमान, पण आता ते उलट चाललं होतं. पलीकडून अलीकडे.

"हे परत का चाललंय?" मास्तरांनी विचारलं.

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. टपरीवाला म्हणाला, "उतरवून परत निघालं असेल."

"इतक्यात? माणसं उतरायलाच वेळ लागतो," मास्तर म्हणाले. पट्टा काढणं, बॅग घेणं, असला सगळा हिशेब त्यांनीच तर परवा मांडला होता. विमान उतरलेलंच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी घाईनं खिशातून फोन काढला. डोंगरात रेंजचा पत्ता नव्हता. चार पावलांवर जाऊन बघितलं, गाडीच्या टपाशी हात उंच करून बघितलं. काही नाही.

परवापासून ज्या विमानाची त्यांनी टर उडवली होती, ते खरंच पोचलं नव्हतं. आता खरं तर त्यांनी टाळी वाजवायला हवी होती. पैज जिंकायची संधी समोरून चालून आली होती. पण मास्तरांना पैज आठवतच नव्हती. लेक कुठे आहे एवढा एकच प्रश्न डोक्यात घुमत होता.

"चल," ते म्हणाले. "चहा राहू दे. चल."

"कुठे? मागे की पुढे?"

मास्तरांनी दोन्हीकडे पाहिलं. मागे गाव होतं, पुढे डोंगराचा उतार. "पुढे. तिला तिकडेच यायचंय. जिथे ती येणार तिथे आपण असायला हवं."

गाडीत बसल्यावर त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घातली. पट्टा पोटावर ताणला गेला, गुडघा दाराला घासू लागला, पण पाय ब्रेकपासून लांब राहिले. "ने आता," ते म्हणाले, "तुला हवी तशी."

बाईंनी गाडी अशी उतरवली, की टकल्यानं पाहिली असती तर त्यालाही भरून आलं असतं. वळणामागून वळण येत होतं आणि मास्तर मांडी घालून, डोळे विस्फारून, ओठ घट्ट मिटून बसले होते. एकदाही ओरडले नाहीत. उलट एका अवघड वळणानंतर त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा!" अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कुठल्याही शिष्याला वा म्हटलं नव्हतं. बाईंनी ऐकलं, पण रस्त्यावरची नजर हलवली नाही. कान मात्र लाल झाले.

घाट उतरल्यावर रेंज आली. मास्तरांनी फोन लावला. बंद. परत लावला. बंद. त्यांनी तो इतक्या वेळा लावला, की शेवटी बाईंनी एका हातानं काढून घेतला आणि मांडीखाली ठेवला. "फोन बंद म्हणजे विमानात बसलीय," त्या म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण त्यांनी गाडीचा वेगही वाढवला.

तिकडचं विमानतळ म्हणजे एक लांबट पांढरी इमारत आणि पुढे कुंड्यांची रांग. गाडी थांबायच्या आत मास्तर उतरले, चपला आतच राहिल्या, आणि अनवाणीच दारावरच्या रखवालदारापाशी धावले. रखवालदारानं टपावरची पाटी पाहिली, मग अनवाणी पाय पाहिले.

"सकाळचं विमान? ते आलंच नाही काका. धावपट्टीवर ढग बसला होता. वर दोन फेऱ्या मारल्या आणि परत गेलं. आता ढग उठलाय. निघालंय तिकडून, दहा-पंधरा मिनिटांत उतरेल."

"म्हणजे सगळे ठीक?"

"ठीक म्हणजे? विमानात बसून बिस्किटं खात असतील."

मास्तरांच्या जिवात जीव आला. ते तिथेच कुंडीच्या कडेवर बसले आणि त्यांना रडू फुटलं. बाईंनी चपला आणून त्यांच्या पायाशी ठेवल्या आणि शेजारी बसल्या. ह्या वेळी त्या चेष्टा करण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या.

थोड्या वेळानं विमान उतरलं आणि मुंगी बाहेर आली. केस विस्कटलेले, चेहरा उतरलेला. पस्तीस मिनिटांचं अंतर तिनं त्या दिवशी तीनदा कापलं होतं. दारात आईबाबांना पाहून ती थबकली. "तुम्ही पोचलातसुद्धा?"

"अर्धा तास झाला," बाई म्हणाल्या.

"बाबा, तुम्ही चालवलीत? घाटातून?"

"तुझ्या आईनं," मास्तर म्हणाले. "आणि तुला हे माहीत होतं ना?"

"सगळ्यांना माहीत होतं, बाबा." मुंगी हसली, पण लगेच तिचा चेहरा पुन्हा पडला. तिनं बॅग खाली ठेवली. शब्दाला ती बापासारखीच पक्की होती. "तुम्ही जिंकलात. तुमचं बरोबर होतं, तो आकडा विमानाचाच. मी सोमवारी नाही म्हणून कळवते."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? पैज होती ना?"

"पैजेला घाल चुलीत!" मास्तर ओरडले. शिकवणीतला आवाज लागला होता, कुंड्यांवरच्या चिमण्या उडाल्या. "अगं, मला काय वाटत होतं माहितेय? तू हाक मारलीस आणि मी पोचलोच नाही तर? ह्या भीतीनं मी कागद आल्यापासून झोपलो नाही. आणि आज काय झालं? विमान परत गेलं. पस्तीस मिनिटांवालं विमान, त्याला जमलं नाही. पण मी पोचलो. कळलं का? मी पोचलो!"

"आपण," बाई म्हणाल्या.

"आपण पोचलो," मास्तरांनी दुरुस्ती केली. "मग आता लांब काय राहिलं?"

मुंगीनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. मास्तर तिच्या पाठीवर थोपटत राहिले आणि रखवालदार सौजन्यानं दुसरीकडे बघत राहिला.

दुपारी तिघं मिळून खोली बघायला गेली. विमानतळाच्या मागच्या गल्लीत एक बैठं घर होतं. घरमालकीणबाईंनी मोठ्या उत्साहानं सगळं दाखवलं. खिडकीतून येणारा वारा, स्वयंपाकाचा ओटा, चोवीस तास पाणी. बाईंनी नळ सोडून पाहिला, मुंगीनं खिडकीतून टॉवर दिसतो का ते पाहिलं. मास्तर मात्र आत आलेच नाहीत. ते बाहेर रस्त्यावर पावलं टाकत होते, फाटकापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून फाटकापर्यंत.

"आत या ना," घरमालकीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा."

"एकच," मास्तर म्हणाले. "इथे दारात गाडी लावली तर चालेल ना?"

"चालेल की. मुलीकडे गाडी आहे वाटतं?"

"तिच्याकडे नाही," मास्तर म्हणाले. "आमच्याकडे आहे."